आडवं चालणारं घर

१

मशीन चोरीला गेलं तेव्हा कुलूप जागेवर होतं, कडी जागेवर होती आणि किल्ली माझ्या करगोट्याला होती. म्हणजे चोर मीच. मोरखडक गावाचा तपास एवढ्यावर संपला. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मशीन म्हणजे आमच्या दूध सोसायटीचं फॅट काढायचं मशीन. लोखंडी, गोल, घागरीएवढं, वर झाकण आणि बाजूला हँडल. दुधाच्या नळ्या आत घालून पाच मिनिटं हँडल गरागरा फिरवायचं, की कुणाच्या म्हशीचं दूध किती घट्ट ते नळीवर दिसतं. वजन अठरा किलो. शहाऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात आमच्या गावात चोरण्यासारखी अठरा किलोची दुसरी वस्तूच नव्हती, त्यामुळं चोराची निवड चुकली असं म्हणता येत नाही.

मी टेस्टर. नाव मच्छिंद्र, वय बावीस, बौद्धवाड्यातला पहिला पगारी माणूस. नोकरीला चौदा महिने झाले होते आणि एवढ्यात आईनं गावातल्या सगळ्यांना माझी नोकरी किमान तीनदा सांगून झाली होती.

सोसायटीला इमारत नव्हती. चेअरमन हिंमतरावांच्या घराला मोठी ढाळज आहे, म्हणजे दारातून आत शिरल्यावर येणाऱ्याजाणाऱ्यानं बसायची पडवी. तिच्या कडेची एक खोली म्हणजे सोसायटी. आत एक टेबल, एक कपाट आणि भिंतीवर जर्सी गायीचं पुरुषभर उंच चित्र. किल्ल्या दोनच. दुसरी सेक्रेटरी बब्रुवानकडं, आणि बब्रुवान किल्लीसकट तीन दिवस येरमाळ्याला मेव्हणीच्या लग्नात. दुष्काळात दूध सकाळचंच येई, म्हणून काल सकाळी मशीन फिरवून मी कुलूप लावलं ते लावलं. आज सकाळी कुलूप काढलं तर टेबलावर मशीनच्या चार पायांचे चार गोल डाग तेवढे होते.

"आरं, मशीनला पाय हायत ते ठावं हाय," चेअरमनांचा धाकटा भाऊ व्यंकट दारात दात घासत म्हणाला, "पर चालतं म्हून आजच कळलं."

हिंमतराव हसले नाहीत. ते उंच, सावकाश बोलणारे, आणि सावकाश बोललेलं गावानं खरं मानायचं अशी रीत.

"मच्छिंदर, चारच्या गाडीनं भूमहून सुपरवायझर येनार. तवर मशीन टेबलावर दिसलं तर म्या काय इचारनार न्हाय. न्हाय दिसलं तर त्याच गाडीनं तुला चौकीत धाडतो. नोकरीचं तर सोडूनच दे."

दहा तास होते. मी करगोट्याची किल्ली चाचपली. ती एकटीच माझ्या बाजूला होती, आणि तीच माझ्या विरुद्ध साक्ष देत होती.

२

सुपरवायझर येणार होते ते हिंमतरावांच्या आईच्या, जाईबाईंच्या, म्हशीमुळं.

या म्हशीचं दूध सात फॅटचं. गेल्या महिन्यात ते घसरत चार पॉइंट आठला आलं. दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी असते, ती नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून फुटली होती आणि नवी मंजूर होऊन येत होती, चौदा महिने. म्हणून मी अंदाजानं म्हणालो, "आजी, दुधात पाणी पडत असंल." रांगेत वीस माणसं होती.

"ह्या म्हशीच्या पणजीचं दूध तहसीलदार पिऊन गेला," जाईबाई म्हणाल्या, "आन तू मला पानी शिकवतूस? तुझं मशीन आंधळं हाय."

त्यांनी लेकाला अर्ज लिहायला लावला. सायबानं यावं, सगळ्या गावासमोर म्हशीची धार काढावी, दूध मशीनला लावावं आणि मशीनची लाज काढावी. तो दिवस आज होता.

त्यात आजच गावात मलेरियाची फवारणी. फवारणीला घरातलं सगळं सामान बाहेर काढावं लागतं, नाहीतर डीडीटी पिठात पडते. आठ वाजता मोरखडकच्या सगळ्या घरांनी आपापलं पोट रस्त्यावर उलटं केलं. पेट्या, डबे, गोधड्या, पाळणे, कुणाच्या दोन नंबरच्या बायकोचा फोटो. हिंमतरावांची चार माणसं रस्त्यानं फिरून बघत होती. पोलिसांना आठ दिवस लागले असते ती झडती सरकारनं डासांसाठी फुकट करून दिली.

मशीन कुठंच नव्हतं.

"भूमला गेलं असणार," व्यंकट म्हणाला. त्याच्याकडं मी संशयानं बघत होतोच. सोसायटी झाल्यापासून त्याचा जीव कडू होता. त्याला दूध भूमच्या खवा भट्टीला घालायचं होतं. मशीन नसलं की सोसायटी बंद, सोसायटी बंद की भट्टी.

"तुम्ही काल कुठं होता?" मी विचारलं.

"म्या भूमला. भट्टीवर. इचार जा." मग जरा थांबून, "पर आयडिया चांगली हुती. मला आधी का सुचली न्हाय."

दुपारी ढाळजेत एक माणूस आला. पाठीला पंप, डोक्याला टॉवेल, अंगाला वर्षानुवर्षांचा पांढरा वास. फवारणीवाला कल्याणप्पा. उमरग्याकडचा, पन्नाशीचा, बोलायला मऊ.

"जोडीदार पडलाय," तो म्हणाला. "एक माणूस पायजे नळी धरायला."

"काय झालं त्याला?"

"मलेरिया."

कुणी हसलं नाही, कारण कल्याणप्पाही हसला नव्हता. त्यानं ढाळजेतल्या माणसांवरून नजर फिरवली आणि मोकळ्या हातांचा, काम नसलेला, चेहरा पडलेला एकच माणूस शोधला.

"तम्मा, तू चल." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

हिंमतराव म्हणाले, "घिऊन जावा. नळी हातात असली म्हंजी पळनार तरी न्हाय." आणि मग कल्याणप्पानं मला कुठून सुरुवात करायची ते सांगितलं, तेव्हा ढाळजेतली सगळी माणसं माझ्या पायांकडं बघायला लागली.

"आतून. माजघरापासनं."

३

चौदा महिने, रोज, मी त्या घरी येत होतो. ढाळजेच्या पुढं माझं पाऊल एकदाही गेलं नव्हतं. कुणी जाऊ नको म्हणालं नव्हतं. म्हणावं लागत नाही.

जाईबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या नळीकडं. नळीवर सरकारी शिक्का होता. त्यांनी पाय आवरून घेतले.

मी आत पाऊल टाकलं आणि माझं कपाळ दाराच्या वरच्या लाकडावर आपटलं. घर जुनं, दार बुटकं. पंप घ्यायला मागं फिरलो, परत आपटलं. माझ्यामागून हिंमतराव आत आले, माझ्याहून वीतभर उंच. बोलणं न थांबवता मान खाली, मान वर. व्यंकटही तसाच. त्यांना विचारलं असतं तर दार बुटकं आहे हे त्यांना आठवलंही नसतं.

माजघर रिकामं होतं. सगळं बाहेर गेलेलं. फक्त डाव्या हाताला सोसायटीच्या खोलीच्या भिंतीला लागून कणगी उभी होती, शेणानं लिंपलेली, माझ्या खांद्याएवढी उंच आणि तीन माणसांएवढी रुंद. उजव्या हाताला लाकडी खांब. दोन्हींच्या मधून स्वयंपाकघराची वाट.

"ही नाही काढली बाहेर?" मी विचारलं.

"सात पोती जोंधळा हाय त्यात," हिंमतराव म्हणाले. "काढ तू."

आम्ही फवारायला लागलो. कल्याणप्पानं पंप मारायचा, मी नळी धरायची. खांबापलीकडच्या भिंतीला मी जाऊन आलो. मग तो उंबऱ्यावर बसला आणि टॉवेलनं तोंड पुसत म्हणाला, "घसा धरला. आण्णा, पाणी मिळंल का?"

हिंमतराव स्वतः आत जाऊन तांब्या घेऊन आले. कल्याणप्पा प्याला. दोन मिनिटांनी व्यंकटला म्हणाला, "अजून घोटभर." व्यंकट गेला, आला. मग जाईबाईंना.

"हा मानूस हाय का टँकर," जाईबाई पुटपुटल्या, पण उठल्या. पाणी मागितल्यावर नाही म्हणायचं नसतं, दुष्काळात तर नाहीच.

चौथ्यांदा त्यानं हिंमतरावांच्या बायकोकडून, मुक्ताबाईंकडून पाणी मागितलं. त्या नुकत्याच टँकरवरून दोन घागरी आणून पदरानं मान पुसत होत्या. छत्तिशीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. हिंमतरावांची बायको असण्याला जेवढं बोलणं लागतं तेवढंच त्या बोलत. त्या गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. कल्याणप्पानं तेही पिऊन दाखवलं.

त्याचं पोट कुठं होतं मला माहीत नाही. पण त्याचे डोळे चारी वेळा फरशीवर होते.

"मुक्ताबाई," तो तांब्या परत देताना म्हणाला, "काल दुपारी टँकरवर तुमी दिसल्या न्हाईत म्हनं."

"कोन म्हनलं?"

"कोन न्हाय. इचारतोय."

"डोकं दुखत हुतं," त्या म्हणाल्या, आणि तांब्या घेताना त्यांच्या बोटांतून तो निसटून उंबऱ्यावर गडगडत गेला.

४

आम्ही बाहेर लिंबाखाली आलो. तीन वाजले होते. एक तास राहिला होता आणि माझा वकील चार तांबे पाणी पिऊन फुगला होता.

"तम्मा, काय बघितलंस?"

"तुम्ही एकाच घरात चार वेळा पाणी प्यालात. दुसरीकडं शोधायचं सोडून."

त्यानं विडी पेटवली. "म्या सोळा वरसं ह्या गावात येतो. सा म्हैन्यांनी एकदा. भिंती मला आठवत न्हाईत, भिंती समद्या सारख्याच. चालनं आठवतं. ती तुळजाबाई बघ, तिच्या घरात समदी एका जागी खांदा वाकवत्यात. तिथं कंदील लटकायचा. लाइट येऊन चार वरसं झाली. बब्रुवानच्या घरात सोप्याच्या कोपऱ्यात आल्यावर समद्यांचं पाऊल हळू पडतं. थोरला भाऊ तिथं निजायचा आजारी. त्याला जाऊन नऊ वरसं झाली. मानूस जातं, कंदील जातो. पाय इसरत न्हाईत."

"आणि चेअरमनांच्या घरात?"

"कणगी आन खांब. त्याच्यामधी वाट किती? टीचभर. म्या दरवेळी पंप घिऊन तिथं घासतो. घरातली समदी तिथं आडवी हुत्यात. पोट आत, खांदा म्होरं, खेकड्यावानी. आज म्या पंपासकट गेलो, घासलं न्हाय."

मी नळी तिथून नेली होती. मला काहीच अडलं नव्हतं. रेडकू गेलं असतं.

"वाट रुंद झालीया," कल्याणप्पा म्हणाला. "तरी बी हिंमतराव आडवे झाले. व्यंकट आडवा झाला. म्हातारी आडवी झाली. रेडकू जाईल एवढ्या वाटंतनं पोट आत घिऊन गेले तिघं. त्यास्नी ठावंच न्हाय की कणगी सरकली. पायांनी जुनी वाट धरली."

"म्हणजे जो सरळ गेला, त्याला माहीत होतं."

"त्यानंच सरकवली."

"आणि मुक्ताकाकी सरळ गेल्या. आणि आल्या."

"व्हय. पाण्याचा थेंब न सांडता." त्यानं विडी दगडावर विझवली. "पर तम्मा, अजून एक मानूस सरळ गेलं."

लिंबामागून कुणीतरी खाकरलं. व्यंकट. त्यानं किती ऐकलं कुणास ठाऊक, पण धोतराचा सोगा धरून तो ढाळजेकडं निघाला तो जवळजवळ पळतच, आणि दारातूनच बोलला, "दादा, फवारणीवाल्यानं चोर धरला. जे सरळ चाललं ते चोर. आपल्या घरात सरळ कोन चाललं ठाव हाय? मच्छिंदर."

५

ढाळज पाच मिनिटांत भरली. मी मधोमध उभा होतो. सरळ.

"बरुबर हाय," कल्याणप्पा म्हणाला. "ह्यो पोरगा सरळ गेला. पर सरळ जायाची कारणं दोन असत्यात. एक, वाट सरकली ते ठावं हाय. दोन, जुनी वाटच ठावी न्हाय. तम्मा, कपाळ दाव."

मी केस मागं केले.

"किती टेंगळं?"

"दोन," जाईबाईंनी मोजून सांगितलं.

"दोन्ही ताजी. दोन्ही माझ्यासमोर झालेली. जो ह्या माजघरात पयल्यांदा येतो तो आपटतो. काल येऊन गेला असता तर कालचं टेंगूळ असतं, न्हायतर आज वाकला असता. हा काल माजघरात आलेला न्हाय. काल काय, कधीच न्हाय."

एकदोघांनी नकळत स्वतःच्या कपाळाला हात लावला.

"माजघराचा काय संबंध?" हिंमतराव म्हणाले. "मशीन सोसायटीच्या खोलीतनं गेलं. कुलूप काढून."

"कुलूप काढलंच न्हाय. तम्मा, तुझ्या खोलीत गायीचं चित्र हाय. सकाळी सरळ हुतं का?"

मी आठवलं. जर्सी गाय सकाळी जरा उताराला चालल्यासारखी दिसत होती. मशीन गेल्याच्या धक्क्यात मला ती दुःखी वाटली होती, बस.

मी खोलीत धावलो आणि चित्र उचललं. मागं लाकडी दार होतं. चौदा महिने मी त्या दाराला पाठ टेकून बसत होतो आणि त्याला भिंत समजत होतो. कडी पलीकडून, माजघरातून. दार ढकललं, हललं नाही.

"सोळा वरसं फवारतो, ते दार मला ठावं. पल्याड कणगी हाय," कल्याणप्पा ढाळजेतून म्हणाला. "ती सरकल्याबिगर हे दार उघडत न्हाय. आन सारं गाव घरातलं सामान रस्त्यावर काढतंय तवा एकच गोष्ट आत ऱ्हायली. तिच्यात कुनी डोकावलं न्हाय."

सगळ्या ढाळजेनं हिंमतरावांकडं बघितलं.

आता कोडं सुटलं होतं आणि तिथंच ते अडकलं. कणगी सरकली, म्हणजे कणगी रिकामी. सात पोती जोंधळा चार बैलांनी सरकत नाही. आणि हिंमतराव हे तालुक्यातल्या दोन दुष्काळी वर्षांत 'आमच्या कणगीला तळ दिसला नाही' असं सांगणारे एकमेव गृहस्थ. त्यांच्या भरलेल्या कणगीवर विश्वास ठेवून लोक सोसायटीत आले होते. तिचं झाकण उघडलं तर आत मशीन सापडेल, आणि जोंधळा सापडणार नाही.

कल्याणप्पा त्यांच्याजवळ सरकला आणि हलक्या आवाजात बोलला, पण मी शेजारीच होतो. "आण्णा, गेल्या दिवाळीला म्या दमून कणगीला टेकलो, तर कणगीच सरकली. म्या म्हागं ढकलून ठिवली. फवारणीच्या कार्डावर 'कणगी भरलेली' लिवलं. आज बी तसंच लिवीन. माणसं भायेर काढा, आपन दोघं बघू."

हिंमतरावांची मान ताठ होती. एक क्षण वाटलं ते हो म्हणतील. मग त्यांनी ढाळजेतली तीस डोकी बघितली. आता माणसं बाहेर काढली असती तरी कळायचं ते कळलंच असतं.

"कणगी भरलेली हाय," ते म्हणाले. "तिला कुनी हात लावायचा न्हाय. सायब आले की पोरगं चौकीत जाईल."

माझी नोकरी एका पारड्यात होती आणि सात पोती जोंधळा दुसऱ्या पारड्यात. जोंधळा नव्हता, तरी तोच जड भरला.

तेवढ्यात फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. चारची गाडी त्या दिवशी पावणेचारला आली. महामंडळाच्या इतिहासात असं आधी झालेलं मला आठवत नाही.

आणि माजघरातून आवाज आला, "धनी, जरा हिकडं बघा."

दारातून आतलं सगळं दिसत होतं. मुक्ताबाई कणगीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला, एक तळहात कणगीला लावला आणि ढकललं. एका हातानं. कणगी फरशीवरून घासत सरकली आणि तिच्या पोटात काहीतरी हलून लोखंडी वाजलं.

जोंधळा असा वाजत नाही.

६

मशीन त्यांनीच वर काढलं, दोर लावून, पोहरा ओढावा तसं. साठ हातांच्या विहिरीतून दोन उन्हाळे पाणी ओढलेल्या हातांना अठरा किलो म्हणजे काही नव्हतं. काल दुपारी गाव टँकरवर पळालेलं असताना तसंच आत सोडलं होतं. भिंतीलगत खांबापासून लांब सरकवलेली कणगी घाईत परत लावताना जुन्या जागेच्या दीड वीत अलीकडंच राहिली.

"का गं?" हिंमतरावांना एवढंच सुचलं.

"सायब आज धार काढनार हुते. मशीन खरं बोललं असतं. उद्या परवा म्या ते टेबलावर ठिवनारच हुते." मग माझ्याकडं बघून, "तुझ्यावर यील हे ध्यानात आलं न्हाय, बाबा. आलं तवा उशीर झाला हुता."

"म्हंजी पानी?" जाईबाई उठून उभ्या राहिल्या. "मुक्ते, माझ्या म्हशीच्या दुधात पानी तू घालत हुतीस?"

"व्हय आत्याबाई."

"कशापायी? दूध इकत हुतीस कुठं?"

"न्हाय. पीत हुते."

ढाळजेतली तीस माणसं उंबऱ्यापर्यंत पुढं सरकली. खुनाची कबुली असती तर इतकी सरकली नसती.

"सकाळी धार काढताना तांब्याभर," मुक्ताबाई म्हणाल्या. "तिथंच, गोठ्यात, उभ्यानं. तेवढं पानी घालायची म्हंजी माप भरतं. अठरा वरसं म्हशींचं शेन काढते, आंबोन देते, आवंदा चारा नव्हता तर तीन कोसांवरनं आनला. दूध गेलं चहाला, पावन्यास्नी, सोसायटीला. एक दिस चाखलं. ग्वाड लागलं." त्या थांबल्या. "तुमी सांगा कसं लागतं, तुमी तर सत्तर वरसं म्हशी पाळल्या."

जाईबाई परत खाली बसल्या.

"मला काय ठावं," त्या म्हणाल्या.

दारात बुटांचा आवाज झाला. सुपरवायझर आत आले, घामानं थबथबलेले, बगलेत फाइल. त्यांनी ढाळजेतली गर्दी बघितली आणि माजघराच्या मधोमध उभं असलेलं मशीन बघितलं.

"हे मशीन इथं काय करतंय? टेस्टर कोण?"

"मी, साहेब."

"मशीन कुलपाबाहेर कसं?"

मी हिंमतरावांकडं बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं. त्यांच्यामागं त्यांची कणगी तोंड उघडून उभी होती आणि अर्ध्या गावानं आत वाकून तिचा तळ बघून घेतला होता. लपवायला आता त्यांच्याकडं काही राहिलं नव्हतं, आणि माणूस अशा वेळी जरा बरा होतो.

"म्या ठिवायला लावलं," हिंमतराव सावकाश म्हणाले. "गावात फवारनी. औषिद आत जाऊ नये म्हून रिकाम्या कणगीत ठिवलं हुतं." रिकाम्या हा शब्द त्यांनी गिळला नाही. "पोराचा दोष न्हाय."

कल्याणप्पा आपलं कार्ड भरत होता. त्यानं काहीतरी खोडलं आणि काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी सगळ्या गावासमोर धार निघाली. जाईबाई शेजारी बसून होत्या. मी नळ्या भरल्या, हँडल पाच मिनिटं फिरवलं, आणि सुपरवायझरांनी नळी माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचली. सात पॉइंट एक. जाईबाईंनी गावाकडं विजयानं बघितलं, मग सुनेकडं बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. सुपरवायझर माझ्या पाठीवर थाप मारून गाडीत बसले. नोकरी शाबूत राहिली.

ती आठ दिवस शाबूत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत मुक्ताबाई स्वतः उभ्या होत्या, किटली घेऊन. मी माप घेतलं.

"रोजच्यापेक्षा कमी आहे, काकी. सांडलं का?"

"न्हाय. प्याले." रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

मी फॅट काढली. सात. मी मान हलवली आणि पुढची किटली घेतली. तुळजाबाईंची. त्यांनी किटली पुढं केली, मग मागं घेतली, आत डोकावल्या. तीही भरायची राहिली होती.

"माजं बी कमीच हाय," त्या म्हणाल्या. "म्हंजी, माजं बी तसंच हाय." त्यांच्या मागच्या बाईनं तोंडाला पदर लावला, आणि पदराखाली तिच्या वरच्या ओठावर पांढरी मिशी होती.

त्या सकाळी मोरखडकचं दूध अकरा तांबे कमी भरलं आणि फॅट तालुक्यात सगळ्यांत वर गेली. आठ दिवस हे असंच चाललं. नवव्या दिवशी भूमहून माझ्या नावानं कागद आला: संकलनात घट का, टेस्टरनं लेखी खुलासा द्यावा, अन्यथा सेवा समाप्त.

मी टेबलावर बसून लिहिलं: 'गावातील सदस्यांच्या घरी आता महिला दूध पितात.' खाली सही केली. खुलाशाच्या शेवटी 'पुन्हा असे होणार नाही' असं लिहायची पद्धत असते. ते न लिहिता मी पेनाला टोपण लावलं आणि कागद तसाच गाडीनं पाठवून दिला.